दासोपंतांची पासोडी आणि आठवणीचे शास्त्र

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई हे गाव मराठीचे आद्यकवी मुकुंदराज, योगेश्वरीचे मंदिर आणि ग्रामीण भागातले वैद्यकीय महाविद्यालय यांमुळे सर्वांना ठाऊक आहे. याच गावात चारशे वर्षांपूर्वीचे एक कापडही जपून ठेवलेले आहे. चोवीस हात लांब आणि अडीच हात रुंद असे त्याचे माप सांगतात. आजच्या हिशेबाने ते पस्तीस-चाळीस फूट लांब आणि सुमारे चार फूट रुंद होते. त्यावर संतकवी दासोपंतांनी वेदान्तातला ‘पंचीकरण’ हा किचकट विषय ओव्या, आकृत्या आणि तक्ते यांच्या साहाय्याने समजावून सांगितला आहे. पासोडी म्हणजे अंथरायचे-पांघरायचे जाडेभरडे कापड. म्हणून हा ग्रंथही ‘दासोपंतांची पासोडी’ या नावानेच प्रसिद्ध झाला.

साहित्याच्या अभ्यासकांनी पासोडीचे कौतुक पुष्कळ केले आहे. आज तिच्याकडे थोड्या वेगळ्या बाजूने पाहू. एखादी गोष्ट कानाने ऐकली, डोळ्यांनी आकृतीत पाहिली, तोंडाने म्हटली आणि हाताने लिहिली, तर ती अधिक पक्की का लक्षात राहते, हा आजच्या मेंदूविज्ञानातला जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना शास्त्रज्ञांना फार मदत झाली ती काही वेगळ्या माणसांची. या माणसांच्या बाबतीत एका इंद्रियाची संवेदना दुसऱ्या इंद्रियाला आपोआप जागे करते.

अक्षरांना रंग असतो तेव्हा

काही माणसांना ‘अ’ हे अक्षर काळ्या शाईत छापलेले असले तरी मनात लाल भासते. कुणाला सोमवार निळा वाटतो, कुणाला तबल्याचा ठेका ऐकताना आकार दिसतात, तर कुणाला एखादा शब्द उच्चारताच जिभेवर विशिष्ट चव येते. या अनुभवाला सिनेस्थेशिया म्हणतात. मराठीत त्याला सहसंवेदना म्हणता येईल. हा आजार नाही, भ्रम नाही आणि कल्पनेचा खेळही नाही. अशा माणसाला आज विचारले आणि काही महिन्यांनी पूर्वसूचना न देता पुन्हा विचारले, तरी तो प्रत्येक अक्षराचा जवळजवळ तोच रंग सांगतो. इतरांना हे जमत नाही.

जर्मन डॉक्टर गेओर्ग झाक्स यांनी १८१२ मध्ये स्वतःच्या अशा अनुभवांची नोंद केली. १८८० मध्ये इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी या विषयाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. २००६ मध्ये ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार सुमारे ४ टक्के लोकांमध्ये कोणत्या ना कोणत्या प्रकारची सहसंवेदना आढळते. ती अनेकदा एकाच घराण्यात दिसते. मेंदूत अक्षर ओळखणारा भाग आणि रंग ओळखणारा भाग अगदी शेजारी आहेत. त्यांच्यातले दळणवळण या लोकांमध्ये नेहमीपेक्षा जास्त असावे, असा एक महत्त्वाचा तर्क आहे.

थोड्या प्रमाणात हे आपल्या सगळ्यांमध्ये असते. आपण आवाजाला गोड म्हणतो, बोलण्याला तिखट म्हणतो, रंगाला भडक आणि नजरेला थंड म्हणतो. एका इंद्रियाचे विशेषण दुसऱ्याला लावले तरी ऐकणाऱ्याला ते लगेच कळते. म्हणजे इंद्रियांच्या खोल्या वेगवेगळ्या असल्या तरी मधली दारे सर्वांच्या घरात थोडी उघडी आहेत.

दासोपंतांना सहसंवेदना होती असे म्हणायला कसलाही आधार नाही आणि तसे म्हणण्याची गरजही नाही. सहसंवेदना असलेल्यांच्या मेंदूत जे न मागता घडते, ते शिकणाऱ्या कुणालाही ठरवून घडवता येते. दासोपंतांनी आयुष्यभर केलेले काम त्याचे बोलके उदाहरण आहे. म्हणून आधी त्यांचे आयुष्य पाहू.

ओलीस ठेवलेला मुलगा

दासोपंतांचा जन्म शके १४७३ मध्ये, म्हणजे इ.स. १५५१ मध्ये, बीदरच्या राज्यातील नारायणपेठ येथे झाला. वडील दिगंबरपंत हे देशपांडे, म्हणजे महसुलाचे वतनदार अधिकारी. आईचे नाव पार्वती. बीदरला तेव्हा बरीदशाही होती. मराठी, कानडी आणि तेलुगू या तिन्ही भाषा जिथे एकमेकींत मिसळतात असा हा मुलूख. या मुलखात वाढणाऱ्या मुलाच्या कानावर लहानपणापासून एकाच वस्तूची तीन-तीन नावे पडत असणार.

त्यांच्या बालपणाची एक कथा परंपरेने सांगितली जाते. मुलखात दुष्काळ पडला. दिगंबरपंतांनी सरकारी कोठारातले धान्य उपाशी लोकांना वाटून टाकले. सरकारी भरणा थकला. बीदरच्या दरबाराने वसुलीसाठी त्यांच्या किशोरवयीन मुलाला ओलीस ठेवून घेतले आणि एका महिन्याच्या आत रक्कम आली नाही तर त्याला बाटवण्यात येईल असे बजावले. मुदत संपायच्या दिवशी दत्ताजी पाडेवार नावाचा कुणी माणूस दरबारात आला, त्याने सगळी रक्कम भरली, पावती घेतली आणि तो निघून गेला. घरच्यांना असा कुणी माणूस ठाऊक नव्हता. प्रत्यक्ष दत्तात्रेयच आपल्यासाठी आले, असे त्या मुलाच्या मनाने घेतले.

कथेतला चमत्काराचा भाग भाविकांवर सोडून देऊ. त्यातला माणसाचा भाग मात्र मनाच्या डॉक्टरांना सहज ओळखता येईल. तीव्र भीती आणि त्यानंतरची अनपेक्षित सुटका यांच्या आठवणी फार खोल जातात. भावनेच्या क्षणी शरीरात स्रवणारे ॲड्रिनलिनसारखे पदार्थ मेंदूतल्या अमिग्डाला या भागामार्फत स्मरणाची पकड घट्ट करतात. महिनाभर रोज मरण जगलेल्या मुलाला त्या दिवसाचे चेहरे, आवाज आणि वास विसरता आले नसतील तर नवल नाही. पुढचे सगळे आयुष्य त्याने त्या न पाहिलेल्या उपकारकर्त्याचे रूप शब्दांत धरण्यात घालवले.

माहूर, राक्षसभुवन, अंबाजोगाई

सुटकेनंतर दासोपंत घरी रमले नाहीत. ते घराबाहेर पडले आणि माहूरला पोहोचले. माहूर हे दत्तात्रेयाचे आणि रेणुकेचे क्षेत्र. तिथे त्यांनी बारा वर्षे तप केले असे चरित्रकार सांगतात. नंतर ते गोदावरीकाठच्या राक्षसभुवनला आले. हे गाव आज बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात आहे. तिथे नदीच्या वाळवंटात त्यांना दत्ताच्या पादुका मिळाल्या, अशी श्रद्धा आहे. पुढे बरीच भटकंती करून ते अंबाजोगाईला स्थिरावले. घरची माणसेही यथावकाश तिथे येऊन मिळाली आणि एका विरक्ताचा पुन्हा संसार सुरू झाला.

पैठणचे संत एकनाथ हे त्यांचे ज्येष्ठ समकालीन. एकनाथ, दासोपंत, रामाजनार्दन, जनीजनार्दन आणि विठा रेणुकानंदन या पाच जणांना मिळून शांतिपंचक म्हटले जाते. मराठवाड्यातल्या गोदावरी-मांजरा खोऱ्यात त्या काळी मराठी लेखनाची केवढी वर्दळ होती, ते यावरून कळते.

अंबाजोगाईत दासोपंतांनी लिहायला घेतले आणि ते अखेरपर्यंत थांबले नाहीत. त्यांचा ‘गीतार्णव’ हा भगवद्गीतेवरचा टीकाग्रंथ परंपरेने सव्वा लाख ओव्यांचा मानला जातो. ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे नऊ हजार आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याची कल्पना येते. याशिवाय ‘गीतार्थबोधचंद्रिका’, ‘ग्रंथराज’, ‘पदार्णव’ असे त्यांचे कितीतरी ग्रंथ आहेत. त्यांना लिहायला रोज एका ढब्बू पैशाची शाई लागे, अशी आख्यायिका आहे. पैशाचा हिशेब खरा असो वा नसो, शाईचा खप मोठा होता यात शंका नाही.

घट एक, नावे अनेक

‘गीतार्णवा’त दासोपंतांनी मराठीची बाजू घेताना एक मार्मिक मुद्दा मांडला आहे. संस्कृतात घट असा एक शब्द वापरला की काम भागते. मराठी माणूस मात्र भांड्याच्या आकारानुसार आणि उपयोगानुसार वेगवेगळी नावे वापरतो. रांजण वेगळा, डेरा वेगळा, सुगड वेगळे. त्यांनी अशी बरीच नावे ओळीने दिली आणि मराठीत नेमकेपणा किती आहे ते दाखवले.

या मुद्द्याला आजच्या मानसशास्त्राचाही दुजोरा मिळतो. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ ॲलन पेव्हिओ यांनी १९७१ मध्ये दुहेरी नोंदीचा सिद्धान्त मांडला. त्यांच्या मते, डोळ्यांसमोर चित्र उभे करणारा शब्द मेंदूत दोन ठिकाणी नोंदवला जातो, एकदा शब्द म्हणून आणि एकदा चित्र म्हणून. एक वाट बुजली तरी दुसऱ्या वाटेने आठवणीपर्यंत पोहोचता येते. म्हणून ‘पात्र’ या शब्दापेक्षा ‘रांजण’ हा शब्द यादीत अधिक लक्षात राहतो. रांजण म्हटले की त्याचे पोट दिसते, गार पाण्याचा स्पर्श जाणवतो, ओल्या मातीचा वास येतो. शाळेत मुलांना एखादी संकल्पना शिकवताना तिचे ओळखीचे, हाताला लागणारे रूप आधी दाखवावे असे शिक्षणतज्ज्ञ सांगतात, त्यामागचे कारण हेच.

पासोडीवर काय आहे?

पंचीकरण म्हणजे आकाश, वायू, तेज, आप आणि पृथ्वी या पाच सूक्ष्म तत्त्वांपासून स्थूल सृष्टी कशी बनली याचे वेदान्तातले विवेचन. त्यात एक हिशेब आहे. प्रत्येक स्थूल तत्त्वात अर्धा भाग त्याचा स्वतःचा आणि उरलेल्या अर्ध्यात बाकीच्या चार तत्त्वांचा प्रत्येकी एक अष्टमांश असतो. म्हणजे पृथ्वीत अर्धी पृथ्वी आणि एक-एक अष्टमांश आप, तेज, वायू व आकाश. अर्धा अधिक चार अष्टमांश, बेरीज बरोबर एक.

या तत्त्वांना इंद्रियेही जोडलेली आहेत. आकाशाचा गुण शब्द, तो कानाचा विषय. वायूचा स्पर्श, तेजाचे रूप, आपाचा रस, पृथ्वीचा गंध. शिवाय प्रत्येक पुढच्या तत्त्वात आधीचे गुण उतरतात. त्यामुळे आकाश केवळ ऐकू येते, तर पृथ्वी पाचही इंद्रियांना कळते. पुढे प्रत्येक तत्त्वाचे शरीरात पाच-पाच विभाग पडतात. उदाहरणार्थ, हाड, मांस, त्वचा, नाडी आणि रोम हे पृथ्वीचे, तर चलन, वळण, धावणे, आकसणे आणि पसरणे हे वायूचे. पाच पंचे पंचवीस.

हे आजचे पदार्थविज्ञान नव्हे. आज रसायनशास्त्राला ११८ मूलद्रव्ये ठाऊक आहेत आणि शरीराची घडण आपण पेशी व रेणू यांच्या भाषेत समजून घेतो. इथे पाहायची आहे ती शिकवण्याची रीत. पंचवीस नावे, त्यांच्या जोड्या, त्यांचे गुण आणि अपूर्णांकांचा हिशेब हे सगळे नुसते ऐकून लक्षात ठेवणे कुणालाही जड जाईल. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये दाखवले की माणूस एका वेळी सातच्या आसपास सुट्या गोष्टी मनात धरू शकतो. नंतरच्या संशोधनात हा आकडा चारपर्यंत खाली आला. पंचवीस सुट्या गोष्टी मनात मावत नाहीत. पाच ओळी आणि पाच स्तंभांच्या तक्त्यात त्या बसवल्या की मात्र मनाला पाचच गट सांभाळायचे उरतात.

तक्ता काढला की आणखी एक लाभ होतो. प्रत्येक गोष्टीला जागा मिळते. अमुक उत्तर पुस्तकात डाव्या पानावर खाली होते, हे आपल्याला आठवते आणि त्या जागेवरून उत्तर आठवते, हा अनुभव प्रत्येक विद्यार्थ्याला असतो. आपला मेंदू जागा आणि वाटा लक्षात ठेवण्यात फार तरबेज आहे. लंडनच्या संशोधक एलेनॉर मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये स्मरणशक्तीच्या स्पर्धा गाजवणाऱ्यांचा अभ्यास केला. त्यांची बुद्धिमत्ता असाधारण नव्हती आणि मेंदूची रचनाही वेगळी नव्हती. बहुतेक जण लक्षात ठेवायच्या गोष्टी मनातल्या ओळखीच्या वाटेवर एकेक करून ठेवत जात आणि आठवताना त्याच वाटेने चालत. चाळीस फुटी कापडही अशी वाटच आहे. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाताना विषय उलगडत जातो आणि प्रत्येक आकृतीला आपली जागा असते.

दासोपंत ओवीत लिहीत होते, हेही विसरून चालणार नाही. ओवी मोठ्याने म्हणण्यासाठीच असते. मनात वाचलेल्यापेक्षा मोठ्याने म्हटलेले शब्द जास्त लक्षात राहतात, हे प्रयोगांत वारंवार दिसले आहे. तोंडाची हालचाल आणि स्वतःचा आवाज या दोन खुणा आठवणीला जास्तीच्या मिळतात. त्यात ताल असेल तर पुढचा शब्द कोणता असू शकतो हेही तालच सुचवतो. दासोपंतांची पदे निरनिराळ्या रागांत बांधलेली आहेत आणि मराठीखेरीज आसपासच्या इतर भाषांतही त्यांची पदे आढळतात. बीड जिल्ह्याच्या घराघरांत जात्यावर म्हटल्या जाणाऱ्या ओव्याही याच जातीच्या. हाताला जात्याची फेरी, कानाला घरघर आणि तोंडात ओवी. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बायकांनी शेकडो ओव्या पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रात जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, त्यांत माजलगावच्या बायकांच्या ओव्याही आहेत.

रंगीत अक्षरे शिकवता येतात का?

आता पुन्हा सहसंवेदनेकडे वळू. ती जन्मजात असते असे मानले जाते आणि तिच्याकडे कल अनुवंशिक असतो हे खरे आहे. पण कोणत्या अक्षराला कोणता रंग, हे जन्मतः ठरलेले नसते, कारण अक्षरे माणूस शाळेत शिकतो. अमेरिकेत २०१३ मध्ये अशा अकरा जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, ज्यांना दिसणारे अक्षरांचे रंग लहानपणी खेळलेल्या फ्रिजवर चिकटवायच्या चुंबकी अक्षरांच्या रंगांशी जुळत होते. ब्रिटनमध्ये ६१५ शाळकरी मुलांच्या पाहणीत असे दिसले की सहा-सात वर्षांच्या वयात या मुलांची थोडीच अक्षरे ठराविक रंगाची असतात आणि वय वाढेल तसे बाकीच्या अक्षरांचे रंगही पक्के होत जातात. म्हणजे लिपी शिकण्याची धडपड आणि सहसंवेदना एकमेकींच्या हाताला धरून वाढतात.

अशा लोकांची स्मरणशक्ती थोडी चांगली असते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. शब्दांच्या याद्या, रंग आणि आकृत्या त्यांना सरासरीपेक्षा जरा जास्त आठवतात. पण हा फायदा माफक आहे, अचाट नाही.

मग बाकीच्यांना हे शिकवता येईल का? इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये काही प्रौढांना नऊ आठवडे अक्षर आणि रंग यांच्या जोड्यांचा कसून सराव दिला. अनेकांना काळी अक्षरे वाचतानाही रंग जाणवू लागले. सराव थांबल्यावर तीन महिन्यांत तो अनुभव मावळला. यावरून मेंदू किती लवचीक आहे ते कळते आणि सराव सोडला की मिळवलेले कसे निसटते तेही कळते.

अतिरेकाचेही एक उदाहरण आहे. मॉस्कोतील पत्रकार सॉलोमन शेरेशेव्हस्की यांची स्मरणशक्ती अद्भुत होती. मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी त्यांचा सुमारे तीस वर्षे अभ्यास केला आणि १९६८ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. शेरेशेव्हस्कींना प्रत्येक आवाजाला रंग, चव आणि पोत जाणवे. लांबलचक याद्या त्यांना वर्षानुवर्षांनी जशाच्या तशा आठवत. पण साधा परिच्छेद वाचताना प्रत्येक शब्दाचे वेगळे चित्र उभे राही आणि अर्थ हातातून निसटे. विसरायचे कसे, हीच त्यांची मोठी अडचण होऊन बसली. शिकण्यासाठी नुसत्या खुणा वाढवून भागत नाही, त्या खुणा एका सूत्रात बांधाव्या लागतात. पासोडीवरच्या तक्त्यांचे काम नेमके हेच आहे.

डोळ्यांवर पट्टी आणि पालकांचा खिसा

स्मरणशक्तीचा विषय निघाला की पालकांच्या काळजीवर धंदा करणारेही येतात. ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’ नावाचे वर्ग गेल्या काही वर्षांत गावोगावी झाले. डोळ्यांवर पट्टी बांधूनही मूल रंग ओळखेल, वास घेऊन किंवा बोटाने चाचपून वाचेल, असा त्यांचा दावा असतो आणि फी काही हजारांत असते. ऐकायला हे सहसंवेदनेसारखे वाटते, पण त्याचा तिच्याशी काहीही संबंध नाही. सहसंवेदनेत अक्षर आधी दिसावे लागते, मगच त्याचा रंग जाणवतो. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी हे प्रकार अनेकदा उघडे पाडले आहेत. मुले नाकाच्या बाजूला राहणाऱ्या फटीतून पाहत असतात आणि ती फट नीट बुजवली की चमत्कार थांबतो. मूल खोटे बोलायला शिकते, हा त्यातला सर्वांत मोठा तोटा.

अमुक मूल डोळ्यांनी शिकणारे आणि तमुक कानांनी शिकणारे, अशा छापांवरही सावधपणे विश्वास ठेवावा. मुलांची अशी विभागणी करून शिकवल्याने फायदा होतो, याला भक्कम पुरावा मिळालेला नाही. सर्वच मुलांना विषय अनेक वाटांनी भेटला तर लाभ होतो.

त्याला खर्चही लागत नाही. मुलाने धडा मोठ्याने वाचावा. पुस्तक मिटून त्यातली आकृती आठवून काढावी, पाहून उतरवू नये. सुट्या माहितीचा चार-पाच रकान्यांचा तक्ता करावा आणि तो घरात एकाच जागी लावावा. दोन दिवसांनी, मग आठवड्याने, न पाहता आठवून पाहावे. नुसते पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून पाहण्याने जास्त टिकते, हे आता पुरेसे सिद्ध झाले आहे. फक्त सजावटीची चित्रे टाळावीत. विषयाशी संबंध नसलेले चित्र लक्ष पळवते.

बीड जिल्ह्याला या गोष्टीचे मोल अधिक आहे. दिवाळीच्या सुमाराला इथून लाखो माणसे ऊसतोडीला जातात. जी मुले हंगामी वसतिगृहात राहू शकत नाहीत, ती आईबापांबरोबर कारखान्याच्या तळावर जातात आणि चार-पाच महिन्यांचा अभ्यास बुडतो. मार्चनंतर परत आल्यावर वर्ग पुढे गेलेला असतो. अशा मुलाबरोबर दप्तर जाते की नाही याची खात्री नसते. पाढ्यांचा, बाराखडीचा, शरीराच्या अवयवांचा कापडावर काढलेला तक्ता मात्र गुंडाळून गाठोड्यात टाकता येतो, कोपीच्या कुडावर टांगता येतो आणि ओला झाला तरी वाळवता येतो. संध्याकाळी कुणी मोठ्याने म्हणून घेणारे असेल तर त्यावर शाळा भरू शकते. चारशे वर्षांपूर्वीच्या कापडाने दिलेली ही युक्ती आजही बिनखर्चाची आहे.

सहसंवेदना असलेल्या मुलांविषयीही दोन शब्द. पाच हा आकडा हिरवा आहे, असे मूल सांगू लागले तर त्याला खोटारडे किंवा वेडगळ ठरवू नये. कोणते आकडे कोणत्या रंगाचे दिसतात ते सहज विचारावे. फळ्यावर रंगीत खडूने लिहिलेला आकडा त्याच्या मनातल्या रंगाशी जुळला नाही तर काही मुलांचा गोंधळ होतो, हे शिक्षकांनी लक्षात घ्यावे. यावर कोणत्याही औषधाची गरज नसते. मात्र प्रौढ वयात असे अनुभव अचानक सुरू झाले, सोबत तीव्र डोकेदुखी, झटके किंवा दृष्टीत बदल असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञाला अवश्य दाखवावे.

शेवटची वर्षे

दासोपंतांचे पुढचे आयुष्य अंबाजोगाईतच गेले. दत्ताची उपासना, कीर्तन, शिष्यांना शिकवणे आणि लेखन असा त्यांचा दिनक्रम होता. शके १५३७ च्या माघ वद्य षष्ठीला, म्हणजे इ.स. १६१६ च्या सुरुवातीला, त्यांनी देह ठेवला. तेव्हा ते चौसष्ट वर्षांचे होते. त्यांची समाधी अंबाजोगाईतच आहे आणि माघ वद्य षष्ठीला तिथे उत्सव होतो.

त्यांच्या प्रचंड लेखनाचा मोठा भाग आज फक्त अभ्यासकांच्या वाचनात आहे. सव्वा लाख ओव्यांचा ग्रंथ सलग वाचणारे विरळाच. पासोडी मात्र दासोपंतांचे नाव निघाले की सर्वांत आधी आठवते. ज्यांनी तिच्यावरची एकही ओवी वाचलेली नाही, त्यांनाही तिची लांबी, तिचे जाड कापड आणि तिच्यावरचे तक्ते ठाऊक असतात.